सासूबाईंपासून चाळीस पावलं

मुत्याबा मास्तरांनी खिशातून सेफ्टी पिन काढली आणि काउंटरवरच्या फोनच्या कव्हरजवळ नेली. पिन टुणकन उडाली आणि कव्हरला जाऊन चिकटली. तीस वर्षं गृहपाठ न करणाऱ्या पोरांकडे जसं पाहत आले होते, तसं मास्तरांनी चष्म्यावरून दुकानदाराकडे पाहिलं.

"हे नको. दुसरं दाखव."

वालुसिंबीने दुसरं दाखवलं. पिन त्यालाही चिकटली. तिसऱ्याला तर लांबूनच जाऊन बिलगली. लुकायात महामार्गाच्या कडेला, भाजलेल्या कोंबड्या विकणाऱ्यांच्या रांगेला लागूनच वालुसिंबीचं मोबाइलचं दुकान होतं, आणि आपल्याकडची कव्हरं हात न लावता टप्पकन मिटतात याचा त्याला कोण अभिमान. हा गुण पाहून नाक मुरडणारं गिऱ्हाईक त्याला आज पहिल्यांदाच भेटत होतं.

मास्तरांनी मग शर्टाचं वरचं बटण काढून डाव्या खांद्याखालचा उंचवटा दाखवला. काड्यापेटीएवढं यंत्र कातडीखाली बसवलेलं. काळीज आळस करायला लागलं की ते त्याला टोचून जागं करतं. दवाखान्यातून मिळालेलं कार्डही त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. फोन यंत्रापासून एक वीत लांब ठेवा. छातीवरच्या खिशात ठेवू नका. यंत्र असेल त्याच्या दुसऱ्या बाजूच्या कानाला लावा. चुंबक जवळ आणू नका.

"आणि आणला तर काय होतं, मास्तर?" वालुसिंबीने सहज विचारल्यासारखं विचारलं. त्याची नजर मात्र कार्डावरून हटत नव्हती.

"चुंबक जवळ आलं की यंत्राला वाटतं डॉक्टरच तपासायला आलाय. मग ते स्वतःची अक्कल वापरणं सोडतं आणि एकाच ठेक्यात टकटक करत बसतं. चुंबक लांब केलं की येतं ताळ्यावर."

"आणि लांब केलंच नाही तर? दिवसभर तिथेच असलं तर?"

"ते मी विचारलं नाही," मास्तर बटण लावत म्हणाले. "तेवढा मूर्ख कुणी असेल असं डॉक्टरला वाटलं नसावं."

मास्तर रबराचं साधं कव्हर घेऊन गेले आणि वालुसिंबी स्टुलावर बसला. तेवढा मूर्ख तोच होता. दीड महिन्यापूर्वी कंपालाच्या दवाखान्यात त्याच्या सासूबाईंच्या छातीत हेच यंत्र बसवलं होतं, आणि पंधरा दिवसांपूर्वी त्याने त्यांना मोठ्या कौतुकाने एक फोन भेट दिला होता. कव्हर दुकानातलं सगळ्यात भारी, सगळ्यात घट्ट मिटणारं. सासूबाईंना जुळी झाली म्हणून सगळी पंचक्रोशी त्यांना नालोंगो म्हणे, आणि नालोंगोच्या जावयाने फोन दिला ही बातमी त्या रविवारी चर्चमध्ये थेट वेदीवरून जाहीर झाली होती. वालुसिंबी तेव्हा मान खाली घालून बसला होता, पण ती मान नम्रतेने खाली आहे हे सगळ्यांना दिसेल इतपतच.

आता त्या फोन कुठे ठेवत असतील, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या भागातल्या बाईचं कपाट, तिजोरी आणि पर्स एकाच जागी असते. गाडीभाडं तिथे, किल्ली तिथे, रुमाल तिथे. फोनही तिथेच, डावीकडे, गोमेसीच्या, म्हणजे त्या घोळदार झग्याच्या, आत. म्हणजे यंत्राच्या बरोब्बर उरावर.

दुसऱ्या कुणाचं असतं तर जाऊन चटकन सांगता आलं असतं. पण सासू ती सासू. बुगांडात जावयाने सासूला हात लावायचा नाही, समोर बसायचं नाही, तोंडाकडे बघायचं नाही. ती रस्त्याने आली तर यानं गवतात उतरायचं. बोलायचंच झालं तर मध्ये भिंत, पडदा किंवा तिसरं माणूस हवं. ही शीव ओलांडली तर ओबुको होतो, हातापायाला थरथर सुटते, असं म्हातारी माणसं सांगतात. वालुसिंबी आपण असलं काही मानत नाही असं दुकानात सांगत असे. पण नऊ वर्षांत त्याने सासूबाईंचं तोंड धड पाहिलं नव्हतं हेही खरं.

फोन देतानाच थोडा घोटाळा झाला होता. वस्तू पेरुसी आत्यांच्या हातून जायला हवी होती. पेरुसी आत्या म्हणजे बायकोच्या सख्ख्या आत्या, आणि घरातल्या नाजूक गोष्टी इकडून तिकडे पोचवणं हे आत्याचंच काम. पण त्या नेमक्या मटोकेची केळी सोलत होत्या आणि त्यांचे हात चिकाने बरबटलेले. "ठेवा हो तिथे," असं त्या म्हणाल्या म्हणून वालुसिंबीने फोन स्वतःच स्टुलावर ठेवला, आणि त्याच क्षणी पडद्याआडून सासूबाईंचा हात आला. बोटाला बोट लागलं की नाही हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. त्या रात्री त्याने तीनदा स्वतःच्या हातांकडे निरखून पाहिलं होतं.

आता सगळ्यात सोपं म्हणजे बायकोला सांगणं. पण रेस्टी बोर्डाचे पेपर तपासायला गेली होती आणि तिथे सकाळी दारातच फोन काढून घेत, ते थेट संध्याकाळी परत देत. तरी त्याने लावून पाहिला. फोन बंद.

मग वालुसिंबीने धीर केला आणि उभा राहून सासूबाईंनाच फोन लावला. फोनवर बोलायला बंदी नव्हती. वाडवडिलांनी नियम केले तेव्हा फोन नव्हते, आणि नंतर कुणी विषय काढला नाही.

नालोंगोंनी फोन उचलला. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, दुकान कसं आहे, पाऊस कसा आहे, हे सगळं रीतसर दोन्हीकडून झालं. कामाचं ते सोडून सगळं झालं. शेवटी वालुसिंबीने विचारलं, "आई, तो फोन तुम्ही... म्हणजे एरवी... ठेवता कुठे?"

मग नालोंगो हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही दिलेली वस्तू, जावईबापू. जिवाजवळ ठेवते."

झालं. शंकेला जागाच उरली नाही. आता फक्त एवढंच म्हणायचं होतं की तिथे ठेवू नका. पण 'तिथे' म्हणजे कुठे, हे जावयाने सासूला कोणत्या तोंडाने सांगायचं? वालुसिंबीच्या ओठांवर शब्द आला आणि परत गिळला गेला. तो म्हणाला, "थोडा लांब ठेवत जा." त्यांनी का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "बॅटरीसाठी." त्यांनी त्याला आशीर्वाद दिला, आज चर्चच्या अंगणात माता संघाची सभा आहे, निघायला हवं, असं सांगितलं आणि फोन ठेवला.

बॅटरीसाठी. वालुसिंबीला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. एका बाईच्या काळजाचा प्रश्न, आणि हा बॅटरीची काळजी करतोय. अर्धा तास मनाची तयारी करून त्याने पुन्हा फोन लावला, या वेळी छातीवर दगड ठेवून स्पष्ट सांगायचं असं ठरवून. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. सातव्या वेळेला घंटा वाजत असतानाच त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की ही घंटा वाजतेय कुठे? त्या यंत्राच्याच डोक्यावर. आपण पाणी म्हणून सात वेळा ओतलं ते रॉकेल होतं. त्याने फोन असा टाकला जणू तो तापलेला तवा होता. मग शेजारच्या कोंबडीवाल्याला दुकानाकडे बघायला सांगून तो पहिल्या दिसलेल्या बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, बसला.

बुकिबीरा गाव लुकायापासून चांगलं अठरा किलोमीटर, त्यातलं निम्मं तांबड्या मातीतलं. वालुसिंबी मागे बसून बोडावाल्याला घाई करत होता आणि मनात वाक्यं जुळवत होता. 'आई, ती वस्तू त्या जागेतून काढा.' नको. 'आई, आपल्या डाव्या बाजूस जे आहे ते उजव्या बाजूस न्या.' हे तर त्याहून वाईट. बोडावाल्याने मध्येच मागे वळून, माझ्याशी बोलताय का, असं विचारलं.

चर्चच्या फाटकाशी घंटा वाजवणारा म्हातारा येकोयाडा बसला होता. वालुसिंबीला पाहताच तो उठला आणि त्याने त्याचा दंड धरला. म्हणाला, बरं झालं आलास, पण जपून. सभेत काहीतरी विपरीत झालंय. नालोंगोच्या चटईवर थरथर सुटलीय, थांबते आणि परत सुटते. सगळ्या बायका तिकडे गोळा झाल्यात आणि ओबुको म्हणतायत.

"किती वेळा सुटली?" वालुसिंबीने विचारलं.

"आमची मोजते ना बायको. सात म्हणाली."

सात. वालुसिंबीने फोन लावला होता तोही सातच वेळा. यंत्र की ओबुको, चुंबक की ते स्टुलावरचं बोट, काही असो, गुन्हेगार एकच होता आणि तो फाटकात उभा होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

तो धावत अंगणात शिरला. आंब्याखाली चाळीसेक बायका चटयांवर बसलेल्या, रंगीबेरंगी गोमेसी, खांद्यावर टोकदार बाह्या, मधोमध अध्यक्षबाई. एका टोकाला नालोंगो. जावई दिसताच त्यांनी शेजारची छत्री ओढली आणि उघडून तोंडासमोर धरली. वालुसिंबी थांबला. अठरा किलोमीटर वाऱ्यासारखा आला आणि सासूपासून चाळीस पावलांवर, फणसाच्या झाडापाशी, त्याचे पाय आपोआप खिळले. तो उकिडवा बसला आणि त्याने जमिनीकडे बघत पेरुसी आत्यांना बोलावणं पाठवलं.

पेरुसी आत्या आल्या. जाडजूड बाई, पण आज चेहरा उतरलेला. एक हात छातीवर दाबून धरलेला. चालून दम लागला असावा असं वालुसिंबीला वाटलं.

"आत्याबाई, आईंना सांगा, त्यांनी... म्हणजे त्यांच्याकडे जे आहे ते... काढून ठेवावं. आत्ताच्या आत्ता."

"काय आहे त्यांच्याकडे?"

"फोन."

"कुठला काढायचा?"

वालुसिंबीने गवताची काडी तोडली. "जिथे असेल तिथला."

"अहो, पण कुठे आहे?"

त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि मग शेवटी आपल्याच डाव्या बाजूला, शर्टाच्या खिशापाशी, बोटाने हळूच दाखवलं. पेरुसी आत्यांनी ते बोट पाहिलं. मग बोटाचा मालक पाहिला.

"तुम्हाला काय माहीत, तिथे काय आहे ते?"

हा प्रश्न येईल हे अठरा किलोमीटरमध्ये त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. सासूच्या छातीशी काय आहे हे जावयाला ठाऊक असेल, तर ते एकाच मार्गाने ठाऊक होऊ शकतं. आत्याबाई जिथल्या तिथे वळल्या आणि चाळीस बायकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या की थरथरीचं कारण सापडलं. जावयाची नजर चळलीय.

बायकांमधून असा आवाज निघाला, जसा भांड्यावरचं झाकण उडताना निघतो. छत्री जागची हलली नाही. वालुसिंबीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तो काकुळतीला येऊन सांगू लागला की त्याने काही पाहिलं नाही, आयुष्यात पाहिलं नाही, त्याने फक्त अंदाज केला, कारण सगळ्याच बायका तिथे ठेवतात.

"सगळ्याच?" अध्यक्षबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही सगळ्यांचंच बघता?"

चाळीस हात चाळीस गोमेसींच्या गळ्यापाशी गेले. एकेक वाक्य बोलावं आणि एकेक पाय जास्त चिखलात रुतावा, अशी गत झाली होती. इतक्यात एका म्हातारीने जुनी रीत काढली. सासूची छाती दृष्टीस पडली तर जावयाने तिला झाकायला झाडाच्या सालीचं कापड द्यायचं असतं, लुबुगो. दुसरी म्हणाली, हल्ली चांगला लुबुगो मिळतो कुठे. तिसरीच्या भावाकडे मिळत होता. तिथून चर्चा रंगावर गेली. तांबूस की काळपट यावर दोन तट पडले. आणि हा सगळा वेळ, वालुसिंबीच्या हिशेबाने, ते चुंबक त्या यंत्राच्या उरावर बसून होतं.

तेवढ्यात छत्री कलली. थोडीशीच, हात अवघडला की कलते तशी. पण वालुसिंबीला दिसलं एवढंच की ती खाली येतेय, म्हणजे सासूबाई कोसळतायत. तो ताडकन उठला आणि ओरडला. इतक्या मोठ्याने, की फाटकातला येकोयाडा उभा राहिला.

"आई, तो फोन छातीतून काढा. त्याच्या कव्हरात चुंबक आहे. तुमच्या यंत्राचं डोकं फिरतंय त्याने. मी दिला, मी विचारलं नाही कुणाला, मी मूर्ख आहे. लुबुगो देतो, दहा देतो, पण आधी तो छातीतून काढा."

तो शब्द अंगणात दोनदा घुमला. गेल्या शंभर वर्षांत तरी कुठल्या जावयाने तो शब्द सासूसमोर उच्चारला नसेल. बोलून झाल्यावर वालुसिंबीचे कान असे तापले की त्याला वाटलं, आता आपल्यालाच काहीतरी होणार.

छत्रीमागून नालोंगोंचा आवाज आला. शांत, खणखणीत.

"पेरुसी, त्याला सांग, फोन लावून बघ."

"नको, आई. वाजला तर—"

"सांग त्याला, लाव म्हणावं."

वालुसिंबीने फोन लावला. चाळीस जणींचे डोळे छत्रीवर खिळले. छत्रीकडून हूं की चूं नाही. आणि फणसाखाली, त्याच्यापासून तीन हातांवर, पेरुसी आत्यांनी टुणकन उडी मारली.

"आली. परत आली थरथर." त्यांनी दोन्ही हात छातीवर दाबले आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्या पाठ फिरवून उभ्या राहिल्या, गोमेसीत हात घातला आणि बाहेर काढला तो फोन. डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा गुरगुरणारा. कव्हर नव्हतंच.

मग सगळा उलगडा झाला. दवाखान्यातल्या नर्सने नालोंगोंना पहिल्याच दिवशी सगळं सांगून ठेवलं होतं. वीतभर लांब, उजव्या कानाला, चुंबक नको. जावयाचा फोन घरी आला त्याच संध्याकाळी त्यांनी ते कव्हर काढलं होतं, आणि आता ते त्यांच्या स्वयंपाकघरात पत्र्याला चिकटून सुऱ्या धरून ठेवत होतं. घरात फोन फळीवर असे. बाहेर पडताना त्या तो पेरुसी आत्यांकडे देत, आणि आत्या तो आपल्या तिजोरीत टाकत. आज सभा सुरू होताना अध्यक्षबाईंनी सगळ्यांच्या फोनची तोंडं बंद करायला लावली. कुणीतरी हाही बंद करून दिला. तोंड बंद केलेला फोन अंगाने बोलतो, हे आत्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या जुन्या फोनला ते येतच नव्हतं.

"मला वाटलं मलाच ओबुको झाला," त्या पुटपुटल्या. "त्या दिवशी मी केळी सोलत बसले, वस्तू हातोहात जाऊ दिली. माझंच चुकलं, म्हणून मीच भोगतेय, असं वाटलं मला."

अध्यक्षबाईंनी घसा साफ केला आणि निवाडा दिला. जावयाने पाहिलं असतं, तर फोन तिथे नाही हे त्याला कळलं असतं. ज्या अर्थी त्याला कळलं नाही, त्या अर्थी त्याने पाहिलं नाही. जावई निर्दोष. बायका हसू दाबत उठल्या. एकदोघींनी जाता जाता आपापले फोन बाहेर काढून हातात धरले. पेरुसी आत्यांनी मात्र आपला हक्क सोडला नाही. एक दोष बोटाचा आणि आठ थरथरीचे, भर माता संघात, असा हिशेब सांगून त्यांनी लुबुगो आपल्याला लागू होतो असं जाहीर केलं. वालुसिंबीने मान डोलावली. त्या क्षणी कुणी त्याच्याकडे दुकान मागितलं असतं तरी त्याने दिलं असतं.

अंगण रिकामं झालं. नालोंगो छत्रीमागे बसूनच होत्या. वालुसिंबी फणसाखाली. मध्ये पेरुसी आत्या.

"आत्याबाई, आईंना विचारा," तो मातीकडे बघत म्हणाला, "मला सांगितलं का नाही?"

आत्यांनी विचारायची गरज नव्हती, आवाज पोचत होता. पण रीत म्हणून त्यांनी विचारलं.

"त्याला सांग," नालोंगो म्हणाल्या, "वेदीवरून जाहीर झालं, नालोंगोच्या जावयाने फोन दिला. मग मी काय सांगत हिंडू? जावयाने माझ्या काळजाला नको तीच वस्तू आणून दिली म्हणून? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी झाकली होती, त्याने उघडली."

त्या फोनचं कौतुक ऐकताना आपण कशी मान खाली घातली होती ते वालुसिंबीला आठवलं आणि आज ती खरोखर वर होईना.

"आणि त्याला विचार," छत्रीमागून पुन्हा आवाज आला, या वेळी जरा हळू, "मी मरतेय असं वाटलं ना त्याला? मग इतक्या लांबून धावत आला आणि त्या झाडापाशी का थांबला?"

पेरुसी आत्यांनी हा प्रश्न पुढे दिला नाही. त्या नुसत्या जावयाकडे बघत राहिल्या. रीत म्हणून, असं सांगता आलं असतं. ओबुकोची भीती, असंही सांगता आलं असतं.

"लाज वाटली," तो शेवटी म्हणाला. "त्या जातील याची भीती होती, पण लोकांची त्याहून जास्त होती. त्याचीच आता लाज वाटतेय."

छत्री मिटली. नऊ वर्षांत पहिल्यांदा वालुसिंबीने सासूबाईंना उघड्या चेहऱ्याने उभं पाहिलं. क्षणभरच, कारण त्याने लगेच डोळे पायांकडे नेले. त्या बोलल्या, पेरुसी आत्यांकडे न बघता, थेट त्याच्याकडे.

"जावईबापू, पुढच्या वेळी थांबू नका."

आणि त्या चर्चच्या मागच्या वाटेने निघून गेल्या. पेरुसी आत्या तोंड उघडं टाकून उभ्या. मग त्यांनी गोमेसीचा पट्टा सारखा केला, मी काही ऐकलं नाही असं झाडाला सांगितलं आणि फोन वीतभर लांब धरून वहिनीच्या मागे गेल्या.

संध्याकाळी वालुसिंबी दुकानात बसून एकेका कव्हराला सेफ्टी पिन लावून पाहत होता, तेव्हा रेस्टीचा फोन आला. तिचा फोन नुकताच हातात पडला होता आणि त्यात नवऱ्याने फोन केल्याचा मेसेज दिसत होता. तिने घाबरून विचारलं, काय झालं. त्याने सगळं सांगितलं. मास्तरांच्या पिनेपासून आत्यांच्या उडीपर्यंत. तो शब्द आपण कसा ओरडून उच्चारला, ते सांगताना त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं. रेस्टी पलीकडे हसत सुटली.

"म्हणजे आत्याला एक लुबुगो द्यायचा," ती म्हणाली.

"हो. तांबूस हवाय त्यांना."

"आणि आई शेवटी काय म्हणाली?"

"म्हणाल्या, पुढच्या वेळी थांबू नका."

"कुणाकरवी म्हणाली?"

वालुसिंबीने हातातली पिन खाली ठेवली. "कुणाकरवी नाही. मला म्हणाल्या. समोर उभ्या राहून."

पलीकडे इतका वेळ शांतता होती, की त्याला वाटलं फोन पुन्हा दारात काढून घेतला. मग रेस्टीचा आवाज आला, जरासा भरलेला.

"अहो, मग एक नको. दोन घ्या, एक आईलाही."